दोर होता

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही. आणि ज्यांना सांगण्याची गरजच नाही, कारण त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्या नानाजींशीही मी या विषयावर एक अक्षर बोललेलो नाही. मग तुम्हालाच का सांगतो आहे? ठाऊक नाही. पत्र लिहायला बसलो की माझी लेखणी अडत नाही. आज ती तिसऱ्यांदा अडली आहे.

भिलाईत लोक मला ओळखतात ते पत्रांवरून. आमच्या सेक्टरमधला दिवा आठवडाभर बंद राहिला, बँकेने हयातीचा दाखला दुसऱ्यांदा मागितला, की माझे पत्र जाते — कलमासह, प्रतिलिपींसह. मुलगी म्हणते, बाबा चहासुद्धा अर्ज करून मागतात. नोकरीही त्याच जातीची होती: पोलाद कारखान्यात, सुरक्षा विभागात, बत्तीस वर्षे. तिथला एक नियम सांगतो, तो पुढे लागेल. यंत्र दुरुस्तीसाठी बंद केले की त्याच्या स्विचवर लाल टॅग लावतात. तो ज्याने लावला त्यानेच काढायचा. वरिष्ठानेही नाही. लावणारा जेवायला गेला असेल तर त्याचे जेवण होईपर्यंत थांबायचे. कारण यंत्राच्या पोटात कोणाचा हात आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. दुसऱ्याचा टॅग काढला म्हणून मी तिघांना आरोपपत्रे दिली. घाई होती साहेब, वाटलं काम झालं साहेब — त्यांची कारणे मला अजून पाठ आहेत. मी एकही मान्य केले नाही.

सात वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण बालीला गेलो. निवृत्त माणसे आणि काहींच्या बायका. माझी पत्नी गुडघ्यांमुळे आली नाही. चौथ्या दिवशी डोंगरावर नेले. ज्वालामुखीचे तोंड खचून तिथे तळे झालेले — हिरवट, स्थिर, काठाला काळी रेती, मधूनमधून जमिनीतून वाफ. होडी होती, पायवाटा होत्या, गरम पाण्याचे कुंड होते. गंधकाचा वास आला आणि आम्ही सगळे हसलो. तिथल्या इतर पर्यटकांनी नाके दाबली. आम्हाला तो कारखान्यातल्या कोक ओव्हनचा, कोळसा भाजायच्या भट्टीचा वास वाटला. नानाजी म्हणाले, “साहेब, इतक्या दूर येऊन ड्यूटीवरच आलो न आपण.”

नानाजी ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, आता दुर्गला मोहन नगरात राहतात. मी साहेब आणि ते नानाजी, हे निवृत्तीनंतरही बदलले नाही. बदलायला हवे होते का? तेव्हा असा प्रश्न मला पडत नसे.

आमची मार्गदर्शिका कोमांग नावाची, पन्नाशीची बाई होती. मोडक्या इंग्रजीत बोलायची, पण जे सांगायची ते दोनदा सांगायची. वाटेत तिने मुलीबद्दल सांगितले होते. मुलगी नर्सिंग शिकत होती. काठाला पोहोचल्यावर तिने एका जागी दोन काठ्या रोवल्या, त्यांना दोर बांधला, दोरावर लाल फडका अडकवला. पलीकडे जमीन पातळ आहे, खाली उकळता चिखल आहे, मी येईपर्यंत दोराच्या अलीकडेच राहा — दोनदा सांगितले. मग ती वरच्या वाफेच्या फटीकडे गेली. तिथे स्थानिक लोक वाफेवर अंडी उकडतात. आमच्यातले काही अंडी खात नाहीत, मीही नाही, म्हणून तिने खास केळी आणली होती. आमच्यासाठी केळी वाफवायला गेली होती ती. हे तुम्ही लक्षात ठेवा. नंतर मी जे पाच पानी तक्रारपत्र लिहिले, त्यात ते लिहिले नाही.

बायका होडीत बसल्या. बाकीचे कुंडाकडे. काठावर मी आणि नानाजी उरलो. सकाळचे आठ वाजले असतील. मी म्हटले, उभे राहा, तुमचा फोटो काढतो. त्यांच्या मागे तळे आले, समोरची कडा आली, सगळे उत्तम — पण दोर त्यांच्या मागेच होता; पूर्ण फोटोसाठी ते मागे सरले, की तो लाल फडका बरोबर पोटावर येणार होता.

यानंतर मला नीट सांगता येत नाही. काय घडले ते ठाऊक आहे; का घडले ते नाही. फक्त फोटोसाठी? की आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दोर बांधलेल्या माणसाला तो कोणी आपल्यासाठी बांधावा हे सोसले नाही? की तो वास — त्या वासाने मला वाटले, ही जमीन माझ्या ओळखीची आहे? या तिन्हींपैकी एक रोज खरे वाटते, आणि रोज वेगळे.

मी गाठ सोडली. नानाजींना म्हटले, चार पावले मागे सरा.

ते सरले नाहीत. म्हणाले, “साहेब, हा तर टॅग लागून आहे. बाईले येऊ द्या न.”

“मी सांगतो ना,” मी म्हटले.

तेवढेच. तीस वर्षे ज्या आवाजात सांगत होतो, त्याच आवाजात. ते मागे सरले. मी फोटो काढला. फोटो झाल्यावर ते आणखी एक पाऊल मागे गेले — का? मी अजून सरा म्हटले होते का? आठवत नाही. उजवा पाय पोटरीपर्यंत खाली गेला.

सर्वांत आधी धावत आली ती कोमांग. तिने त्यांना ओढले, पिण्याचे सगळे पाणी पायावर ओतले, खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत नेले. त्या धावपळीत एकदा तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्याकडे नाही, डाव्या हाताकडे. दोर माझ्या हातातच होता.

नानाजींच्या पायाची दोन बोटे गेली. शांताबाई — त्यांची पत्नी — दवाखान्यात सर्वांना सांगत होत्या, “यायले भट्टीनं नाही जाळलं, पिकनिकनं जाळलं.” लोक हसत होते, त्या रडत होत्या.

आणि मी? मी पत्र लिहीत होतो. परत येण्याआधीच, हॉटेलच्या टेबलावर. सहलीच्या कंपनीला, तिथल्या कंपनीला, दूतावासाला. मुद्दा क्रमांक चार: ‘धोकादायक जागी मार्गदर्शिकेने कोणताही अडसर उभारलेला नव्हता आणि ती पर्यटकांना सोडून निघून गेली होती.’ यातले सर्वांत विचित्र सांगू? लिहिताना मला खरा राग आला होता. त्या बाईच्या निष्काळजीपणाचा मला मनापासून संताप आला होता. हे कसे होते? खोटे लिहिणारा माणूस मनात कुठेतरी थंड असतो, असे मी चौकशांमध्ये नेहमी धरून चालत असे. तिथे मी चुकत होतो, की माझ्यातच काही मोडलेले होते?

अकरा सह्या झाल्या. साहेबांनी लिहिले आहे म्हटल्यावर कोणी वाचले नाही. नानाजींच्या खाटेशी कागद मी स्वतः नेला. त्यांनी पेन हातात घेतले, थांबले.

“साहेब, बरोबर लिहिलं न?”

“बरोबर लिहिले आहे,” मी म्हटले.

त्यांनी सही केली. तोच आवाज, आणि दुसऱ्यांदा तेच मागे सरणे.

कोमांगनेही आपल्या कंपनीला काही सांगितले असेलच. पण अकरा सह्या आणि कलमे लावलेले इंग्रजी, यांच्यापुढे तिची मोडकी वाक्ये कुठे टिकणार? दोन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: संबंधित मार्गदर्शिका आता आमच्याकडे काम करत नाही, आपल्या जागरूकतेबद्दल आभारी आहोत. मी ते फाइलला लावले. वर ‘निकाली’ असे लिहिले. माझ्याच अक्षरात आहे.

तो फोटो नानाजींनी मोठा करून घेतला. मोहन नगरातल्या त्यांच्या बैठकीत दारासमोरच लावला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्याखाली चपला काढतो. पाय चांगला असतानाचा शेवटचा फोटो, असे शांताबाई सांगतात. मी दर रविवारी जातो आणि पाठ करून बसतो. मागच्या पावसाळ्यात त्यांनी खुर्च्या हलवल्या, तेव्हा नाइलाजाने समोर बसलो. माझी नजर गेलेली पाहून नानाजी पायावरून हात फिरवत म्हणाले, “मस्त आला न साहेब? तुमी पण आहा त्याच्यात.”

मी फोटो काढणारा. मी त्यात कसा असेन? उठून जवळ गेलो. सूर्य माझ्या पाठीशी होता. नानाजींच्या पायांपुढच्या काळ्या रेतीवर माझी सावली पडली आहे, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत स्पष्ट. उजव्या हाताचे कोपर वर, हातात कॅमेरा. डावा हात खाली, आणि त्या हातातून लोंबणारा दोर, टोकाला फडका.

त्यांना किती वर्षांपासून दिसते आहे? ते मला सांगत होते, की नुसते बोलत होते? शांताबाईंना ठाऊक आहे? मी परत येऊन बसलो. त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली, आणि मी खाल्ले. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारीही गेलो आहे.

मुद्दा क्रमांक चार मी आज दुरुस्त करतो. दोर होता. बाईने तो माझ्यासमोर बांधला होता, दोनदा सांगून बांधला होता. तो मी सोडला.