दुर्गाबाईंची वाढीव दहा वर्षं

अमरावतीच्या संध्याला मूल हवं होतं आणि तिचं वय त्रेचाळीस होतं. या दोन गोष्टींचं एकमेकींशी वाकडं आहे असं तिला आजवर फारसं वाटलं नव्हतं, ते तिच्या आईमुळे. दुर्गाबाईंना संध्या झाली चव्वेचाळिसाव्या वर्षी, असा तिला पाठ असलेला हिशेब. आईच्या आधार कार्डावरच्या वयातून आपलं वय वजा करायचं, की झालं.

या हिशेबाच्या भरवशावर तिने बरंच काही पुढे ढकललं. कॉलेजात ती तासिकेवर शिकवायची. बाळंतपणाला गेलेल्या बाईचे तास दुसऱ्याच कोणाला मिळायचे, ते परत यायचे नाहीत. पस्तिसाव्या वर्षी नागसेनशी लग्न झालं. दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी ‘आता थांबू नका’ असं बजावलं, तेव्हा जिना उतरताना ती नवऱ्याला हसून म्हणाली होती, “आमच्याकडे उशिराच होतात.” नोकरी पक्की व्हायला आणखी चार वर्षं गेली.

मग सुरू झालं अकोला, तिथलं टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर. अमरावतीत दवाखान्यांची वाण नव्हती, पण तिथल्या बाकांवर विद्यार्थिनींच्या आया भेटायच्या आणि “मॅडम, तुम्ही इथे?” म्हणायच्या. त्यापेक्षा बसचे धक्के बरे. पोटात टोचायची इंजेक्शनं बर्फाच्या डब्यातून आणायची, फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवायची, आणि सुट्टीच्या अर्जात दरवेळी एका नव्या नातेवाइकाला आजारी पाडायचं. पहिल्या खेपेला स्त्रीबीजं निघाली दोनच, आणि एकाचाही गर्भ तयार झाला नाही. दुसऱ्या खेपेला झाला, आत सोडला, आणि पंधरवड्याने पाळी आली. त्या दिवशी नागसेनने कुकर लावला.

“तिसऱ्यांदा करायचं तर स्पष्टच सांगते,” अकोल्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “या वयात स्वतःच्या बीजावर शंभरात चार-पाचजणींच्या हाती बाळ लागतं. तरुण बाईने दान केलेलं बीज घेतलं तर आशा कितीतरी जास्त. गर्भाशय तेवढं थकत नाही, बीज थकतं.”

“पण मॅडम, माझ्या आईला मी चव्वेचाळिसाव्या वर्षी झाले.”

“असं? मग त्यांची पाळी कधी गेली ते विचारून या. मुलीचं बरेचदा आईच्या वळणावर जातं.”

संध्याला कितीतरी दिवसांनी हुरूप आला. रविवारी तिने अचलपूरची एसटी धरली. तिथून जवळच्या खेड्यात दुर्गाबाई थोरल्या मुलाकडे, देवरावकडे राहायच्या. अंगणात त्या तूर पाखडत बसल्या होत्या, शेजारी रुख्मिणीबाई. दोघी एकाच गावच्या लेकी, एकाच गावात दिलेल्या.

चहा झाल्यावर संध्याने विचारलं, “आई, तुयी पाळी कधी गेली वं?”

रुख्मिणीबाई खुदकन हसल्या. “घ्या! प्राध्यापकीण झाली अन् मायले हे विचारून राहिली.”

“डॉक्टरनं विचारलं, काकू.”

“तू रांगत होती तवा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मले वाटलं, पुन्हा दिवस गेले. तुया बापाचं तं जेवणच सुटलं. मंग समजलं, गेलीच ते. मायी लवकर गेली बाई. हे रुख्मिणी माया बरोबरीची, हिची मायापेक्षा दहा-बारा वर्सं जास्त चालली.”

“लवकर कुठची? पंचेचाळीस म्हणजे...”

“पंचेचाळीस?” रुख्मिणीबाईंनी सूप खाली ठेवलं. “मी चौथी शिकली, मायापाशी शाळेचा दाखला हाय. मले आता सत्त्याहत्तरावं लागलं. अन् हे अन् मी एका सालच्या.”

“मग आईच्या कार्डावर सत्त्याऐंशी कसं?”

“ते तं तुया बापानं वाढवलं, सरकारचा निराधारचा पगार लवकर लागावा म्हून. तू अमरावतीले होस्टेलात होती. अख्ख्या गावाले मालूम हाय, तुलेच नाई? कागदावर हे माया सासूच्या वयाची झाली. सणासुदीले मीच पाया पडतो हिच्या!”

दोघी म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. संध्याने मनात पुन्हा वजाबाकी केली. चौतिसाव्या वर्षी आपण झालो. पस्तिसाव्या वर्षी आईचं सगळं आटोपलं. त्या वयात आपलं लग्न होत होतं.

रागवायचं तरी कोणावर? बाबा जाऊन किती वर्षं झाली. त्या पगारावर आईचं दवापाणी झालं, तिला सुनेपुढे कधी हात पसरावा लागला नाही.

“काहून वं, काई वंगाळ हाय का?” दुर्गाबाईंचं हसणं थांबलं होतं.

“काई नाई, आई. उन्हानं डोकं दुखून राहिलं.”

पुढच्या वेळी अकोल्याला जाताना बसमध्ये तिने नागसेनला सगळं सांगितलं. मूर्तिजापूर गेल्यावर तो म्हणाला, “सोडून देऊ, संध्या. आपण दोघं काय कमी आहोत?”

“कमी नाही हो. थकलोय.”

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि पेन बंद केलं. “मग तुमच्या बीजावर तिसरी खेप करू नका, असंच मी म्हणेन. दान केलेल्या बीजाचा विचार करा. लगेच सांगायला हवं असं नाही. कायद्याने पन्नाशीपर्यंत करता येतं. वेळ आहे.”

वेळ आहे, हे तर ती स्वतःच स्वतःला इतकी वर्षं सांगत आली होती.

“नको मॅडम. दुसरीचं बीज चालेल मला. पण आता, आणि एकदाच. झालं तर झालं, नाहीतर मी पुन्हा या दारात येणार नाही.”

“अगं, घरी जाऊन जरा विचार तरी करू,” नागसेन म्हणाला.

“विचार करता करताच त्रेचाळीस झाले.” तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा. मी चिडणार नाही.”

त्याने मान हलवली, नको असं नाही म्हणून. “मग आजच गर्भाशय तपासून घेऊ,” डॉक्टरबाई म्हणाल्या. सिस्टरने सोनोग्राफीच्या खोलीचं दार उघडलं. संध्याने पर्स त्याच्या मांडीवर ठेवली, टेबलाच्या कडेला हात टेकून ती उठली आणि आत गेली.