तोरण कुणी बांधलं?

नागपुरातल्या आमच्या इतवारीवर लिहिलेलं पुस्तक हाती आलं, तेव्हा मी पेन्सिल घेऊनच वाचायला बसले. मी मुळातच संशयी. तोलून आणलेली भाजीसुद्धा घरी पुन्हा तोलते. पुस्तकात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पोळ्याच्याच दिवशी काढलेली दिसली आणि मला हसू आलं. मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, हे नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या गल्लीतली विहीर तर लेखकानं डावीकडून उचलून उजवीकडे ठेवली होती. तेही सोडून दिलं असतं.

पण तान्ह्या पोळ्याचं पान आलं आणि माझं डोकं फिरलं. लहान मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात, तो हा सण. आमच्या गल्लीत तो माझ्या बाबांनी सुरू केला. आमच्या गॅलरीपासून समोरच्या घराच्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण ते स्वतः स्टुलावर चढून बांधायचे. आणि पुस्तकात श्रेय कुणाला? समोरच्या भांडीवाल्या काकांना! बाबांचा साधा उल्लेखही नाही.

इथे नक्की पाणी मुरत होतं. काकांची मुलं आता बाजारातली बडी मंडळी. पुस्तकाच्या समारंभात पेढे कुणी वाटले असतील, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? बाबा तर कधीच गेले. माणूस गेला की त्याचं नावही असं हळूच काढून घ्यायचं, याचा मला भयंकर संताप आला.

लेखक निवृत्त प्राध्यापक, मी आता राहते त्या प्रताप नगरातच राहणारे. मी पुस्तक घेऊन थेट त्यांच्या घरी गेले. त्यांनी लगेच चहा ठेवायला सांगितला, तेव्हा मला त्या चहाचाही संशय आला.

"ताई, बरं झालं आल्या. दुसरी आवृत्ती निघून राहिली. सांगा चुका."

मारबत मान्य, विहीरही मान्य. तोरणापाशी मात्र ते अडखळले. "ते मी मनानं नाही लिहिलं. तुमच्या आईनंच सांगितलं मले."

माझा विश्वास बसेना. आई थकलेली, माझ्या भावाकडे शहराच्या टोकाला बेसाला राहणारी. तिच्या तोंडी यांनी काहीही घातलं असेल. मी तशीच रिक्षा करून बेसाला गेले. आई वाटाणे सोलत बसली होती.

"हो, मीच सांगतलं. काहून?"

"आई, तोरण बाबांचं होतं!"

"होतं ना वं. पण पलीकडच्या वस्तीतली पोरं आपापले नंदी घेऊन आली, तर तुह्या बाबानं त्याइले तोरणाबाहेर उभं केलं. आपल्या रांगेत नाही म्हणे. मंग समोरच्यानं आपल्या खांबाचं टोक सोडलं अन् तोरण पार गल्लीच्या तोंडाशी नेऊन बांधलं. सगळीच पोरं आत आली."

मला ते साल आठवलं. मीही नंदी घेऊन रांगेत होते. तोरण अचानक खाली आलं आणि मी भोकाड पसरलं. वाऱ्यानं पडलं, असं मला सांगितलं होतं. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते आणि पुढे समोरच्या घराची पायरी कधी चढले नाहीत. साऱ्या जगावर संशय घेतला, पण बाबांवर कधी घेतला नाही. आता मला त्यांचा राग येत होता आणि तो येतोय याचं वाईटही वाटत होतं.

मग एकदम लक्षात आलं. तोरणाला टोकं दोन.

"आई, आपल्या गॅलरीचं टोक कुणी सोडलं?"

तिनं वाटाण्याची शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "मी."

"मग प्राध्यापकांना तेही का नाही सांगितलं?"

"नवऱ्यानं बांधलेलं तोरण सोडलं, हे काय पुस्तकात छापतात?"

मी तिच्यासमोरच प्राध्यापकांना फोन लावला. म्हटलं, लिहून घ्या. पहिलं तोरण माझ्या बाबांनी बांधलं. वस्तीतल्या मुलांना त्यांनी बाहेर ठेवलं. मग माझ्या आईनं ते सोडलं.

आई कान देऊन ऐकत होती. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "समोरच्याचं टोक राहिलं वं. तेही सांग."