तळ्याच्या वळणावरची मेंढरं

गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर आई होती, चुलती होती, आमचं कुत्रंसुद्धा होतं. अप्पा तेवढे नव्हते. "मेंढरं कुणी बघायची?" म्हणून आईने विषय मिटवला. आटपाडीकडून सांगलीला जाणारी एसटी आली. मी आईच्या बाजूची खिडकी धरली आणि ती ठिपक्याएवढी होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. लेकीने नर्स होऊन मस्कतला जावं हे अप्पांना पटलेलं नाही, एवढं मी त्या प्रवासात पक्कं करून टाकलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

अप्पांचं तसं नाही. दिवाळी सरली की आमच्याकडचं गवत संपायचं आणि कळप कृष्णाकाठच्या हिरव्या मुलखाकडे निघायचा. लहानपणी मीही मागून हिंडले. कुणाच्या रानात मेंढरू शिरलं की मालक बांधावरून शिव्या घालायचा. अप्पा उलट बोलत नसत. चालत जाऊन त्याच्या शेजारी उभे राहत, तो बघतोय तिकडेच तोंड करून. एकदा मलाही हाताला धरून नेलं. तिथून आमचा गरीब कळप पिकावर चालून येणाऱ्या पुरासारखा दिसत होता.

"आपून तिकडनं बघतो, त्यो हितनं बघतोय," अप्पा म्हणाले. "बोलायच्या आदी बांध वलांडावा."

मग बहुतेक वेळा मालकच तंबाखू पुढे करायचा.

मागच्या वर्षी मस्कतला माझ्या वॉर्डात एक ओमानी आजोबा होते. आम्ही औषधं घेऊन गेलो की ओरडायचे, ट्रे ढकलायचे. बाकीच्या सिस्टर त्यांना भांडखोर म्हणून मोकळ्या झाल्या. एका दुपारी त्यांना एक्स-रेला नेलं होतं, तेव्हा मी त्यांच्या पलंगावर टेकले आणि उशीशी डोकं नेलं. तिथून खिडकीबाहेरचा उघडा डोंगर दिसत होता, पायथ्याला शेळ्या चरत होत्या. आणि आम्ही रोज नेमक्या त्यांच्या आणि त्या डोंगराच्या मधे उभ्या राहत होतो. उन्हात शेळ्यांचे ठिपके हलत होते, विरघळत होते, परत दिसत होते. बघता बघता तो डोंगर आमचा माळ झाला. धूळ उठली, घोंगडीचा वास आला. मी कुठल्या देशात आहे ते क्षणभर विसरूनच गेले. ड्युटी संपल्यावर घरी फोन लावला.

"अप्पा, मी पयल्यांदा निघाले तवा तुमी कुठं हुता?"

"तळ्याच्या वळणावर. समदी मेंढरं रस्त्याकडंला आणून हुबा हुतो. म्हटलं, जाता जाता बघंल लेक. तू खिडकीत आलीच न्हाईस. वाटलं, लय रागात गेली."

तळं एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत. इतकी वर्षं ते तिकडे झुरत होते, मी इकडे. हे मी त्यांना सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "मग मीच पल्याड हुबं ऱ्हायाचं हुतं की गं." मला रडू आवरेना.

या खेपेला सुट्टी संपवून निघाले, तेव्हाही फाट्यावर अप्पा नव्हते. मी मुद्दाम तळ्याच्या बाजूला बसले. वळणावर एसटी थांबली, कारण पुढे रस्ताच दिसत नव्हता. डावीकडे मेंढरं, उजवीकडे मेंढरं, डांबरावरही मेंढरं. मधोमध अप्पा, खांद्यावर घोंगडी.

"आता कुठनं बी बघ!" ते ओरडले.

मागे राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर म्हटलं की मला आता ती थांबलेली एसटी दिसते, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत मेंढरांनी पांढरीशुभ्र. ड्रायव्हर मात्र हॉर्न बडवून बडवून दमला होता. त्याच्या बाजूनेही बघायला हवं होतं. त्या दिवशी माझ्याने ते झालं नाही.