बॉल परत देणारा

यूएईतल्या अजमानमधल्या एका कॉलेजचा फुटबॉल संघ आणखी वेगाने आक्रमण करू शकेल का, यावर मला बातमी लिहायची होती. म्हणून आठवडाभर मी सरावाला गेलो. रेषेबाहेर गेलेला बॉल परत देणारा माणूस तिथे रोज दिसायचा. वय पन्नाशीचं, गाव कोल्हापूर. तिथल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळताना त्याचा उजवा गुडघा गेला होता. बॉल उचलला की तो आधी शर्टाला वाळू पुसायचा, मगच फेकायचा.

"यल्ला, हबीबी! जल्दी!" प्रशिक्षक स्टॉपवॉच दाखवत ओरडायचे. बॉल येईपर्यंत समोरचे बचावपटू जागेवर परतलेले असायचे.

"वेग वाढेल का हो?" मी त्याला विचारलं.

"पोरं फास्टच हाईत, साहेब. स्लो मी हाय," तो म्हणाला. मग हसला. "हे पेपरात घालू नका. व्हिसा ह्याच कामावर हाय."

मी घातलं नाही. प्रशिक्षकांच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

पुढच्या सामन्याला रेषेभोवती प्लास्टिकचे शंकू होते आणि प्रत्येकावर एक बॉल. बाहेर गेलेल्या बॉलची वाट कोणी बघत नव्हतं. आक्रमणाचा वेग वाढला होता. त्याला कामावरून काढल्याचं मला तिथेच कळलं.

तो कुंपणापाशी बसून सामना बघत होता. एक बॉल त्याच्याकडे घरंगळत आला. तो लंगडत उठला, बॉल शर्टाला पुसला आणि फेकण्यासाठी हात वर केले. मैदानात दुसऱ्या बॉलवर खेळ सुरू झाला होता.

त्याने हात खाली घेतले.