ब्लँकसाठी राखलेले पाणी

माझ्या ज्या शोधनिबंधाचा इतर संशोधकांनी सर्वाधिक उल्लेख केला, तो त्यांनी कशासाठी केला हे मी पन्नाशी उलटेपर्यंत कधी उघडून पाहिले नव्हते. रेणूंच्या पातळीवर सजीवांचा अभ्यास करणे हा माझा व्यवसाय. निरीक्षण करून मगच बोलावे, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. स्वतःच्या बाबतीत मात्र मी केवळ मोजत राहिलो.

तो निबंध आमच्या मल्लिगेवर होता. म्हैसूरच्या मोगऱ्याला इथे सगळे मल्लिगेच म्हणतात, घरी मराठी बोलणारे आम्हीही. या फुलाच्या बंद कळीत एक विशिष्ट जीवाणू राहतो आणि कदाचित सुगंधाशी त्याचा संबंध असावा, असे आम्ही लिहिले होते. कळ्यांतून डीएनए वेगळा काढायचा, त्यातला जीवाणूचा तेवढा अंश यंत्रात वाढवायचा आणि तो दिसतो का ते पाहायचे, अशी ती पद्धत. हे सारे काम माझ्या विद्यार्थिनीने केले. निबंधावर पहिले नाव तिचे आणि शेवटचे, मार्गदर्शक म्हणून, माझे. तीही आमच्यासारख्याच घरातली. म्हैसूरच्या जुन्या फौजेत चाकरीला आलेल्या मराठी शिपायांच्या वंशातली. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर आम्ही कन्नड मिसळलेल्या मराठीतच बोलत असू.

एखाद्याने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला की त्याला सायटेशन म्हणतात. आमच्या क्षेत्रात माणसाची पत त्यावर ठरते. बढती, निधी, व्याख्यानाची निमंत्रणे, सगळीकडे तो आकडा आधी पोहोचतो आणि माणूस मागून. जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या घरी सकाळची कॉफी घेताना मी संगणक उघडून तो आकडा पाहत असे. वाढलेला दिसला की विद्यार्थिनीला फोन करत असे. पत्नी स्वयंपाकघरातून विचारी, "आज किती जणांनी नाव घेतलं तुमचं? कॉफी प्या आधी, नंबर काय पळून जातो का?" मी हसत असे. त्या हसण्यात समाधान होते, हे कबूल केले पाहिजे.

विद्यार्थिनीला इतक्या वर्षांत कायमची नोकरी मिळाली नव्हती. म्हैसूरच्याच हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत गुणवत्ता-तपासणीच्या विभागात ती करारावर काम करत होती. मग इथल्याच एका सरकारी महाविद्यालयात अध्यापकाची जागा निघाली. वयाची मर्यादा गाठायला तिला फार अवधी उरला नव्हता. ही जागा मिळणे तिच्यासाठी किती गरजेचे आहे, हे मला ठाऊक होते. तिने शिफारसपत्र मागितले. मी मनापासून लिहिले, आणि पहिल्याच परिच्छेदात मल्लिगेचा निबंध व त्याचा आकडा ठसठशीत मांडला.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी, एका शनिवारी, निवड समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. ते माझे जुने सहकारी. सौम्यपणे, कन्नडमध्ये, त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. इतरांनी या निबंधाचा नेमका काय उपयोग केला, ते दोन ओळींत लिहून द्याल का? आणि दुसरी, जिचे हे सर्वोत्तम काम म्हणून तुम्ही सांगता, त्या उमेदवाराने आपल्या अर्जात हा निबंध दाखवलेलाच नाही. यातून आम्ही काय समजायचे?

मला वाटले, भिडस्त मुलगी, राहून गेले असेल. अध्यक्षांनाही मी तसेच सांगितले. दोन ओळी लिहिण्यासाठी म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमचा संदर्भ देणारे निबंध प्रथमच एकेक करून उघडले.

सुरुवातीचे उल्लेख आदराचे होते. 'वनस्पतींत असे जीवाणू आढळले आहेत', असे म्हणून आमचा संदर्भ. त्यातल्या बहुतेकांनीही आमचा निबंध वाचला नसावा, हे त्यांच्या वाक्यरचनेवरूनच दिसत होते. पुढे कोणीतरी दाखवून दिले होते की हा जीवाणू जगभरच्या प्रयोगशाळांच्या ऊर्ध्वपातित पाण्यात राहतो, आणि नमुन्यात तो आढळला तर आधी पाण्याचा संशय घ्यावा. उदाहरण म्हणून आमचा निबंध दिला होता. त्यानंतरचे जवळजवळ सगळे उल्लेख त्याच जातीचे. 'पाण्यातल्या दूषणामुळे चुकीचा निष्कर्ष कसा निघतो, यासाठी पाहा', आणि कंसात आम्ही. एका परदेशी विद्यापीठाच्या अभ्यास-टिपणात आमच्या निबंधातले प्रयोगाचे छायाचित्र छापून खाली प्रश्न विचारला होता: या प्रयोगात काय चुकले?

पत्नीने जेवायला हाक मारली, ती ऐकू आली, तिचा अर्थ मात्र लागेना. ज्या आकड्याला मी मान समजत होतो, तो मोठ्या अंशी आमच्या चुकीकडे दाखवणाऱ्या बोटांचा होता. आणि त्या टिपणातल्या प्रश्नाचे उत्तर मला क्षणात सुचले, ही त्याहून भयंकर गोष्ट.

प्रत्येक प्रयोगात एक नळी अशी ठेवतात की तिच्यात सगळे काही घालायचे, फक्त नमुना घालायचा नाही. तिला ब्लँक म्हणतात. तिच्यात काही दिसले नाही, तरच बाकीच्या नळ्यांत दिसलेले खरे. आमचा ब्लँक नेहमी स्वच्छ येई. पण त्याचे कारण वेगळे होते. अतिशुद्ध पाण्याच्या लहान बाटल्या आम्ही बाहेरून मागवत असू. त्या लवकर संपत, पुन्हा यायला महिने लागत. म्हणून मी दंडक घातला होता की ते पाणी ब्लँकसाठी राखायचे आणि कळ्यांचा डीएनए आमच्याच यंत्रात ऊर्ध्वपातन करून दाबाखाली उकळलेल्या पाण्यात विरघळवायचा. घरात चांगले पेले पाहुण्यांसाठी वेगळे ठेवतात, तसे. जो ब्लँक परीक्षकांना दाखवायचा, त्याला उत्तम पाणी. उकळण्याने जीवाणू मरतो. त्याच्या डीएनएचे तुकडे मात्र उरतात, हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो. ते तुकडे कळ्यांच्या नळ्यांत दिसत, ब्लँकमध्ये कधीच नाही.

सोमवारी दुपारी मी हेब्बाळला गेलो. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली. दुचाक्यांच्या रांगेपलीकडे एका झाडाखाली उभे राहून मी जे वाचले ते सांगू लागलो. तिने मला वाक्य पुरे करू दिले नाही.

"मला माहीत आहे सर. दोन वर्षं झाली."

म्हणजे अर्जात निबंध राहून गेला नव्हता. तिने तो समजून उमजून वगळला होता. आणि मी शिफारसपत्रात तो सर्वांत वर मांडून तिलाच अडचणीत आणले होते. मी विचारले, मला का सांगितले नाही. तिने हातातल्या डब्याचे झाकण बंद केले.

"सांगायचं ठरवून दोनदा फोन हातात घेतला सर. दोन्ही वेळा तुमचाच फोन आला, नंबर वाढला म्हणून. इतके खूश होतात तुम्ही. कसं सांगू, हेळी."

'हेळी' म्हणजे सांगा.

मग तिने स्वतःची अडचण मांडली, शांतपणे, हिशोब मांडावा तशी. निबंध खरा म्हटला तर ते खोटे. खोटा म्हटला तर ज्याची चूक आजवर मान्य केली नाही, त्या निबंधाची ती पहिली लेखिका. काहीच बोलू नये, तर मुलाखतीत प्रश्न येणारच, कारण तो प्रश्न माझ्या पत्रानेच तयार केला होता. मी म्हणालो, मी अध्यक्षांना भेटून पाण्याचा निर्णय माझा होता असे सांगतो. ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी बोलू नका सर. आधी करून बघू. मग दोघं सही करून निबंध मागे घेऊ. मी तेच घेऊन मुलाखतीला आत जाते."

तिने एक दिवसाची रजा काढली. प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातनाचे ते जुने यंत्र अजून चालू होते, काचेवर चुन्याचे पांढरे थर घेऊन. या वेळी कळ्या आणल्याच नाहीत. दोन ब्लँक केले, एक बाटलीतल्या पाण्याचा, एक आमच्या पाण्याचा. संध्याकाळी ते जेलवर, म्हणजे डीएनए असेल तर त्याची पट्टी दाखवणाऱ्या पातळ वडीवर, चालवून अतिनील दिव्यावर ठेवले. पहिल्या रांगेत काळोख. दुसरीत, जिथे कोणतेही फूल नव्हते, कळी नव्हती, पाकळीचा कणही नव्हता, तिथे नारिंगी पट्टी झळकत होती. अपेक्षित जागी, निबंधातल्यासारखीच ठळक. मला ती दिसणार हे ठाऊक होते, तरी मी दिव्यावर वाकूनच राहिलो. तिने स्टूल माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "बसा सर."

निबंध मागे घेत असल्याचे पत्र आम्ही दोघांनी नियतकालिकाला पाठवले. त्यात पाण्याचा निर्णय कोणाचा होता तेही मी लिहिले. तिला ते वाक्य नको होते, मी ठेवले. पत्राची प्रत आणि त्या दोन ब्लँकचे छायाचित्र घेऊन शुक्रवारी ती मुलाखतीला गेली.

जागा तिला मिळाली नाही. अध्यक्षांनी फोनवर प्रामाणिकपणे सांगितले: समितीतल्या एकांना तिचा स्पष्टपणा फार आवडला, बाकीच्यांना मागे घेतलेल्या निबंधाची उमेदवार घेणे धोक्याचे वाटले. पुढे ते म्हणाले की तुमच्या पत्रात तो उल्लेख नसता, तर बहुधा हा विषयच निघाला नसता. ते मला लावून बोलले नव्हते. केवळ माहिती दिली.

मी ते पत्नीला सांगितले. ती नेहमी थट्टा करते, त्या दिवशी केली नाही. "म्हणजे तुमच्या नंबरानं तिची जागा गेली, अल्लवा?" एवढेच म्हणाली. 'नाही का' असे विचारायला इथे 'अल्लवा' म्हणतात. बहुतेक वेळा त्याला उत्तराची अपेक्षा नसते. मी 'हो' म्हणालो.

रविवारी विद्यार्थिनी घरी आली. मी क्षमा मागायची म्हणून वाक्ये जुळवून ठेवली होती. पहिलेच वाक्य अर्धे झाले असेल, तोच तिने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि सांगितले की जवळच्या मंड्या शहरातल्या एका महाविद्यालयात पुढल्या महिन्यात आणखी एक जागा निघते आहे. वयाच्या हिशोबाने तीच शेवटची.

"शिफारस तुम्हीच लिहा सर," ती म्हणाली. "पण या वेळी वाचून लिहा."

दुसरा कोणीही शिक्षक तिने निवडला असता तर मला योग्यच वाटले असते. शिक्षा म्हणूनही मी ते स्वीकारले असते. तिने मात्र मला काम दिले. माझ्याकडून गेल्यावर लिहिलेले तिचे निबंध ती पिशवीतून घेऊनच आली होती. त्यातला एक नाचणीच्या बियांवरचा, कंपनीच्या कामाबाहेर, सुट्ट्यांच्या दिवशी केलेला. त्याचा उल्लेख आजवर कोणीही केलेला नव्हता, म्हणून तो अस्तित्वात आहे याचाही मला पत्ता नव्हता.

मी तो एकदा वाचला, पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. काम नीटस होते, काही ठिकाणी माझ्या हातून झाले नसते इतके. एका आकृतीपाशी मात्र मी अडलो. एका वाणाच्या बिया भिजवण्याचा अवधी तिने बाकीच्यांपेक्षा वेगळा का ठेवला होता, ते मजकुरात नव्हते. समितीही हेच विचारील, असे वाटले. सकाळी मी तिला फोन लावला. ती कंपनीच्या बसमध्ये होती. माझा आवाज ऐकताच ती सावधपणे "हं, बोला सर" म्हणाली. आकडा सांगणाऱ्या माझ्या सकाळच्या फोनची तिला असलेली सवय त्या सुरात मला ऐकू आली. मी आकृतीचा क्रमांक सांगितला आणि प्रश्न विचारला.

"थांबा सर, मागं गलका आहे," ती म्हणाली. "परत विचारा."

मी प्रश्न पुन्हा विचारला. हेब्बाळ येईपर्यंत ती त्याचे उत्तर देत होती, आणि मी लिहून घेत होतो.