मेनूवरचे अण्णा

भंगारवाल्याला द्यायच्या आधी डीव्हीडी प्लेअर एकदा लावून पाहिला. आत जुनी डीव्हीडी तशीच होती. तो तापला आणि गरम प्लास्टिकचा तोच वास खोलीभर पसरला.

अण्णा गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईच्या आदल्या वर्षी झालेल्या लग्नाची डीव्हीडी मी घरीच करायला घेतली होती. हळद, लग्न, पंगत अशी बटणं आणि मागं फेट्यातले अण्णा असलेला मेनू हवा होता. एक सॉफ्टवेअर फुकटात वापरलं तर अण्णांच्या फेट्यावरच आपलं नाव छापायचं. दुसऱ्यात मेनूला नुसता फोटो लागायचा. तिसऱ्यात मेनूमागं चित्र हलायचं, पण कॉम्प्युटर दिवसभर अडकून पडायचा. मी वैतागून फोटोवालंच घेणार होतो. शेजारी मेथी निवडत बसलेली आई म्हणाली, "हलतंय ते घे. त्यात हे हसतात तरी."

डीव्हीडी झाली. मेनूवर अण्णा फेटा सावरायचे, कॅमेऱ्याकडं बघून हसायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून फेटा सावरायचे. आई रिमोट मांडीवर ठेवून बघत बसली.

"अगं, बटण दाब की. लग्न आत आहे," मी म्हणालो.

"राहू दे. आत गेलं की संपतंय. इथं संपत नाय."

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता आईही नाही.

"चालू है क्या, साब?" फाटकातून भंगारवाल्यानं विचारलं.

समोर अण्णा हसत होते.

"चालू आहे," मी म्हणालो. "आज राहू दे."