आधी बसा, मग ऐका

लेखकभाऊ वाचत असताना कुणी खाकरलं, की ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. आरमोरीत सगळे त्यांना लेखकभाऊच म्हणत. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, त्यासाठी त्यांनी आयुष्यभर नाटकं लिहिली. लेखकानं कंपनीच्या मालकासमोर बसून अख्खं नाटक मोठ्यानं वाचायचं आणि मालकानं ऐकून हो-नाही सांगायचं, ही इथली रीत. भाऊ म्हणायचे, "नाई म्हना, पन आधी बसा, मंग ऐका."

उतारवयात त्यांनी कादंबरी लिहिली, नाटकात काम करणाऱ्या एका बाईची. तिचं सगळं बोलणं इथल्या बोलीत. मी त्यांची शेजारीण, टाइप मीच करून दिली. ती छापलेली हातात घ्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून आम्ही दोघं पुण्याला एका प्रकाशकांकडे गेलो.

खुर्चीत बसताच भाऊंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, रीत सगळीकडे तीच. प्रकाशक आधी हसले, मग मोबाइल बघू लागले.

"काका, ठेवून जा. गडचिरोलीकडचं आहे ना? नक्षलवादी कुठे येतात यात?"

"येत नाईत जी."

"वाघ तरी? आणि ही भाषा जरा शुद्ध करून आणा."

भाऊंनी चष्मा काढला. "माही बाई पुण्याची भाषा काऊन बोलन? तिले तुमी अजून ऐकलंच नाई." बाड काखेत मारून ते उठले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. इतक्या लांबून आलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी पाणी विचारलं नाही, वाघ विचारला!

थोडं नमतं घ्या म्हणून मी भाऊंवरही खूप चिडले. "तूच बदलव मंग," एवढंच म्हणाले. मी एक शब्द बदलला नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, पुस्तक न बघताच.

परवा त्याच प्रकाशकांचा फोन आला. बोलीतल्या पुस्तकांना आता मागणी आहे म्हणे. भाऊ गेल्याचं सांगितलं. "अरेरे," ते म्हणाले, "मग फाईल तुम्ही मेल करता का?"

माझं डोकं सणकलं. "थांबा," म्हटलं, बाड काढलं आणि फोनवरच मोठ्यानं वाचायला लागले. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले. पान संपत आलं तेव्हा खाकरले.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.